चंद्रानं खाल्लेली साय

मंडळी, आज सांगतो ते तुमच्यापैकी एकालाही पटणार नाही. पटू नये असंच आहे ते! पण आधी एक सांगा — आपण डोळ्यांनी पाहिलं नाही, त्याचा आळ दुसऱ्यावर घालावा का? मान हलवू नका नुसती. मागच्या कोजागिरीला सगळ्यांनी घातलाय.

आठवा. हेच अंगण, हीच कढई. घराघरातून आलेलं म्हशीचं दूध पार्वताक्कांनी दुपारपासून आटवलं. झारा क्षणभर थांबू दिला नाही. साय धरली की कडेला सारायची, पुन्हा ढवळायचं. वर जायफळ, चारोळी. बासुंदी चांदण्यात ठेवली आणि आरतीची घंटा झाली. आपण सगळे देवळात. मीही तुमच्यातच, हातात टाळ, डोळे घट्ट मिटलेले. अक्का तेवढ्यात वाट्या आणायला घरी गेल्या.

परत येतो तर काय — साय गायब! कडेला नुसते बोटांचे ओरखडे.

अण्णा, आपले पंच, म्हणाले, "अक्का, तोंड दाखवा बरं."

अक्का म्हणाल्या, "माझा आज निर्जळी उपास आहे, अण्णा. आधी स्वतःच्या मिशा बघा."

झालं. जो तो शेजाऱ्याच्या मिशा बघायला लागला. नवरा बायकोचा पदर हुंगतोय! शेवटी निवाडा काय? अक्कांच्या हातातला झारा काढला. आज तो अण्णांच्या सूनबाईंकडे आहे. वास येतोय ना करपल्याचा? मी काही बोलत नाही.

पण मंडळी, चोर वेगळाच होता. चंद्र! बासुंदीत स्वतःचं तोंड बघायला खाली वाकला, वास आला, घातली बोटं. हसता काय? म्हणून तर दुसऱ्या दिवसापासून लाजेनं तोंड लपवत गेला, अमावास्येपर्यंत. कढईपाशी वाकलेला मी पाहिलाय त्याला, या दोन डोळ्यांनी. तेव्हा संशय सोडा. प्रत्येकानं आपल्या मनात—

काय म्हणता, पार्वताक्का? मोठ्यानं बोला, मागं ऐकू जात नाही.

"म्हटलं, बुवा, तुम्ही देवळात डोळे मिटून टाळ वाजवत होता. मग कढईपाशी उभं राहून चंद्राला बघत होतं कोण? अण्णा, आणा तो झारा इकडे. बासुंदी खाली लागतेय."