गुलाबी दगड

प्रियदर्शनी : आबा, आधी खाली या. आणि हातातला दगड पत्र्यावर ठेवू नका, इकडं मोकळ्यात सोडा.

कारभारी : सरपंचबाई, हे दगड वर चढवायला घंटाभर लागला. आन तुम्ही म्हनता खाली सोडा.

उषाबाई : त्यांना काय सांगती माय. सकाळपासून शिडीवरच हायेत. च्या बी वरच मागून राह्यले.

प्रियदर्शनी : काकू, तुम्ही कशाला बाहेर आलात? हात कसा आहे?

उषाबाई : पलस्तरात हाये तवर ऐटीत हाये. जालन्याच्या डॉक्टरनं म्हनलं, सहा हप्ते भाकर थापायची न्हाई. तव्हापासून तुझे आबा थापतेत. एखादी खाऊन बघ, मंग कळंल शनिवारच्या वावधानात जास्त कोनाला लागलं.

कारभारी : थापतो ना? मंग खा गप.

प्रियदर्शनी : आबा, ऐका तरी. आज संध्याकाळी पुन्हा वादळ आहे. सकाळीच तहसीलमधून मेसेज आला. शनिवारी होतं तसंच वारं.

कारभारी : म्हनून तर चढलो ना. शनिवारी आमचे तीन पत्रे गेले. कामून गेले? दगड कमी पडले म्हनून. आता दुप्पट ठेवून राह्यलो.

प्रियदर्शनी : पत्रे गेले ते दुसऱ्या दिवशी सापडले. कुणाला लागले नाहीत. काकूंच्या हातावर काय पडलं, पत्रा का दगड?

उषाबाई : दगड. पत्रा तर बिचारा भारतच्या मोसंबीत जाऊन निजला.

कारभारी : तू मधी बोलू नको.

उषाबाई : हात माझा मोडला. म्या मधी न्हाई, ह्याच्यात म्या पहिल्यापासूनच हाये.

प्रियदर्शनी : गावात सात जणांना लागलं, आबा. सातही जणांना दगडानं. वारं पत्रा उचलतं, दगड घरंगळतो, आणि खाली माणूस असतं. आज ग्रामपंचायतीनं ठरवलंय, दिवस मावळायच्या आत कुठल्याच पत्र्यावर दगड राहायला नको. टेंभुर्णीहून राधेश्याम शेठकडून तार आणलीय. पत्र्यावर आडवी लाकडी बल्ली टाकायची, बल्लीवरून तार घ्यायची, आणि तार दोन्ही अंगाला जमिनीत ठोकलेल्या खुंटीला आवळायची. जनावर बांधतो तशी. ज्यांचं बांधून होणार नाही त्यांची आजची सोय शाळेच्या पक्क्या इमारतीत केलीय.

कारभारी : पत्रा काय बैल हाये बांधायला?

उषाबाई : शनिवारी बैलापरीस जास्त उधळला व्हता.

प्रियदर्शनी : आमच्या वस्तीतली घरं सकाळीच झाली. वरच्या आळीत देवानंद वेल्डर आणि चार पोरं लागलीत, तिथलंही होत आलंय. अडलंय ते तुमच्या गल्लीत. मी घरोघर जाऊन आले. सगळ्यांचं एकच, कारभारी आबाचे दगड वर आहेत तोवर आमचे वर. रामकिसनकाका म्हणाले, आबानं वाढवले, मग मी पण वाढवतो.

कारभारी : रामकिसन म्हनला आसं?

प्रियदर्शनी : म्हणून थांबले नाहीत, चढवून मोकळे झाले. त्या पत्र्याखाली त्यांचा नातू पाळण्यात झोपलाय. मी आत्ता बघून आले.

कारभारी : मंग पंचनाम्याचं काय? साहेब लोक सांगून गेले, पंचनामा होईस्तवर कशाला हात लावू नका. आज म्या आवरून ठेवलं आन उद्या म्हनले, तुमचं नुकसानच न्हाई झालं, तर?

प्रियदर्शनी : रविवारी घरोघरचे फोटो काढून झालेत. तहसीलदार मॅडमशी फोनवर बोलणं झालं. फोटो असला की आवरायला हरकत नाही म्हणाल्या. तुमच्या घराचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे.

उषाबाई : त्यात म्या हाये का?

प्रियदर्शनी : आहात. डोक्यावर पदर घेऊन, पलस्तर पुढं करून.

उषाबाई : मंग बराबर हाये. नुकसान दिसलं पाहिजे.

प्रियदर्शनी : त्या फोटोत एक गोष्ट आहे, आबा. रविवारी तुमच्या पत्र्यावर सगळे काळे दगड होते. आज वर गुलाबी दगड दिसतात. पाच मोजले मी खालून. हे कुठून आले?

(कारभारी शिडीची एक पायरी उतरतात आणि तिथंच थांबतात.)

कारभारी : दगड काय रंग बघून उचलतं व्हय कुनी.

उषाबाई : मला म्हनले नदीतून आनले. म्या म्हनलं, कोनत्या नदीत गुलाबी दगड निघतेत, मला बी दाखवा.

प्रियदर्शनी : गावात गुलाबी दगड एकाच जागी होते. अंगणवाडीची भिंत रंगवली तेव्हा पेंटरकडं रंग उरला, त्यानं पत्र्यावरचे दगडही रंगवून टाकले. पोरं म्हणायची, आमच्या शाळेवर बर्फी ठेवलीय.

कारभारी : पडेल व्हते ते. पडेल दगड उचलला तर चोरी न्हाई व्हत.

प्रियदर्शनी : चोरी कोण म्हणतंय? कुठं पडले होते तेवढं सांगा.

कारभारी : भाईर. पटांगनात.

प्रियदर्शनी : रविवारी दुपारी भागवत तलाठी अंगणवाडीचा पंचनामा करायला आले. आत एकही दगड नव्हता. त्यांनी बघितलं तेच लिहिलं, पत्रे उडाले, आतमध्ये धोका नाही. त्यामुळं सरकारकडून नुसते पत्रे येणार. हुक नाहीत, अँगल नाहीत. मग ते धरून ठेवायला पुन्हा कुणीतरी दगडच चढवणार. संध्याताई रोज तिथं पोरांना घेऊन बसते. ती मला म्हणाली, ताई, तीन फरश्या फुटल्यात, पण फोडणारं काहीच दिसत नाही.

उषाबाई : पायलचे आजोबा, रविवारी दिस उगवायच्या आत हातगाडा घेऊन कुठं गेल्ता तुम्ही? म्या समजले, वावरात पत्रे हुडकाया गेले.

कारभारी : पत्रेच हुडकत व्हतो.

उषाबाई : आन कडब्याखाली काय झाकून ठेवलं व्हतं चार दिस? मला एक हात हाये, पन डोळे दोन्ही हायेत.

कारभारी : आत पडेल व्हते.

प्रियदर्शनी : काय म्हणालात?

कारभारी : आत, म्हनलं. पाचीच्या पाची. दोन तर खिडकीखाली, भिताडाला लागून. आपली नात पायल कुठं बसती ते मला ठाऊक हाये ना. रोज सोडायला म्याच जातो. ती तितंच बसती, भिताडाला टेकून, आन तिच्या बाजूला शालूची पोरगी. त्यांचं बसकर आंथरेलच व्हतं. एक दगड त्या बसकरावर व्हता.

उषाबाई : बया गं.

प्रियदर्शनी : शनिवारी पोरं एक वाजता घरी गेली, आबा. वारं अडीचला आलं.

कारभारी : दीड घंटा. चार दिस झाले, जेवताना बी तेच मोजून राह्यलो. ते दगड म्याच ठेवायला लावले व्हते, उपसरपंच व्हतो तव्हा. ठेकेदार म्हनला, हुक बसवायला परत येतो. आला न्हाई. म्या म्हनलं, तवर दगड ठेवा. तवर तवर करता चार सालं गेली. रविवारी पहाटं गेलो, ते बसकर झटकलं, दगड गाड्यात टाकले. कुनाला दिसू नये म्हनून. लाज वाटली पोरी. लई लाज वाटली.

प्रियदर्शनी : मग आज घरावर कशाला चढवले?

कारभारी : वारं येनार म्हनून भोंग्यावर ऐकलं. दगड ठेवायचे एवढंच येतं मला, बापानं तेच दाखवेल. म्हनलं, पोरांच्या डोक्यावर ठेवले व्हते, आता आपल्या डोक्यावर ऱ्हाऊ दे.

उषाबाई : आपल्या म्हंजे माझ्या. खाट माझी हाये खाली.

कारभारी : तुझी खाट सरकवली ना म्या.

उषाबाई : चुलीकडं सरकवली. तितं वर काय आभाळ हाये? तितं बी पत्राच हाये. तीन दिस झाले, म्या लिंबाखाली झोपून राह्यले. तुम्हाला वाटलं उकडतं म्हनून. उकडत न्हाई मला. तुमच्या दगडाचं भेव वाटतं. चाळीस सालं त्याच्याखाली झोपले, कव्हा वाटलं न्हाई, आता वाटतं. हे म्हनायला मला बी चार दिस लागले.

कारभारी : मला सांगायचं व्हतं.

उषाबाई : सांगितलं आसतं तर तुम्ही आनखी एक दगड ठेवला आसता.

कारभारी : सरपंचबाई, गेल्या सालच्या ग्रामसभेत तुम्ही हेच म्हनल्या व्हत्या. अंगनवाडीवरचे दगड काढा म्हनून.

प्रियदर्शनी : तेव्हा मी सरपंच नव्हते. माझी मुलगी होती तिथं, म्हणून बोलले.

कारभारी : म्या काय म्हनलो व्हतो?

प्रियदर्शनी : जाऊ द्या, आबा. तीन वाजत आलेत.

कारभारी : न्हाई, तुमच्या तोंडून ऐकायचंय मला.

प्रियदर्शनी : तुम्ही म्हणालात, दगड काढले तर पत्रे काय तुझा बाप धरून बसंल? खाली बस. सगळे हसले. मी बसले.

उषाबाई : आन राजानंद गुरुजी तितंच व्हते. हिचे वडील. खाली मान घालून बसेल व्हते. म्या बायांच्या रांगेतून बघितलं. पायलचे आजोबा, तुमची सही कोनी शिकवली तुम्हाला?

कारभारी : गुरुजींनी. रातच्या शाळेत. कंदिलापाशी माझा हात धरून गिरवून घेतली. चुकलं माझं पोरी. त्या दिशी बी चुकलं आन रविवारी बी चुकलं. गुरुजींच्या घरी जाऊन म्हननार हाये म्या हे.

प्रियदर्शनी : त्यांना बरं वाटेल. मला पण वाटलं. त्या दिवशी घरी जाऊन मी खूप रडले होते, खोटं कशाला सांगू. पण आज मी ते ऐकायला आले नाही. मला आज तुमची गल्ली पाहिजे. पाळण्यातलं पोरगं उद्या सकाळी हसत उठलं पाहिजे.

कारभारी : आन तलाठ्याला काय सांगायचं?

प्रियदर्शनी : झालं ते सांगायचं. दगड आत पडलेले बघणारं एक माणूस पाहिजे. त्याचा जबाब पंचनाम्याला जोडता येतो, मी विचारून घेतलंय. मग धोका होता असं कागदावर येईल, आणि हुकासकट छत मागता येईल. लगेच मिळेल असं मी म्हणत नाही. पण मागायला हातात काहीतरी राहील.

कारभारी : मंग ल्ह्या. दगड आत व्हते. कारभारीनं ठेवले व्हते, आन कारभारीनंच लपवले.

प्रियदर्शनी : ठेवले आणि उचलले, एवढं पुरेल.

कारभारी : लपवले ल्ह्या. गुरुजींनी शिकवेल सही खोट्या कागदावर न्हाई करनार. तार कुठं हाये तुमची?

प्रियदर्शनी : देवानंदच्या गाडीत आहे, गल्लीच्या तोंडाशी. खुंट्या मात्र कमी पडतायत.

कारभारी : माझ्या गोठ्यात लोखंडाच्या नऊ खुंट्या हायेत. बैल विकले तव्हापासून नुसत्या गंजून राह्यल्या. चार मला लागतीन, बाकीच्या घेऊन जा. आन त्या रामकिसनला म्या इथूनच सांगतो. ए रामकिसन. आरं इकडं काय बघतो? आधी पाळना भाईर घे. मंग दगड काढाय लाग. व्हय, समदे. म्या बी काढून राह्यलो, दिसत न्हाई का?

उषाबाई : झालं. आता बघ माय, पाच मिनटात गल्ली शिडीवर दिसंल. चांगल्यात बी ह्यांच्या मागं, येड्यात बी ह्यांच्याच मागं.

प्रियदर्शनी : आज चांगल्यात आहेत ना, मग असू द्या. आबा, दगड फेकू नका, एकेक करून माझ्या हातात द्या.

कारभारी : जड हाये. संभाळून. दोन्ही हातानं धर.

प्रियदर्शनी : धरला. सोडा.

उषाबाई : आन ही बर्फी आता ठेवायची कुठं? घरात नगं मला.

प्रियदर्शनी : अंगणवाडीच्या लिंबाखाली गोल मांडू. छत होईस्तोवर संध्याताई सकाळची पोरं तिथंच बसवणार आहे. बसायला कामी येतील.

उषाबाई : पायलला लई आनंद व्हईल. कव्हाची म्हनून राह्यली व्हती, आजोबा, ती बर्फी मला खाली काढून द्या.

कारभारी : मला बी म्हनली व्हती. म्या म्हनलं, बर्फीला हात लावायचा न्हाई, ती पत्रे धरून बसेल हाये.

उषाबाई : घ्या, उतरला शेवटचा दगड. ही बल्ली बी गेली वर. ये माय, सकाळपासून हिंडून राह्यली. इथं ओसरीवर खाली बस जरा. एका हातानं जमंल तसा च्या टाकते.

कारभारी : त्यांना खाली बसवू नको. सरपंचबाई, उभ्याच ऱ्हा जरा तितं. तार सरळ बसली का न्हाई, ते मला वरून दिसत न्हाई. तुम्ही सांगा, म्या बांधतो.