चाकू घेऊन बघायला आलेला नवरा

अगं, आमचे हे मला बघायला चिंचवडला आले, तेच खिशात चाकू घेऊन! पिंपरीच्या नव्या कारखान्यातल्या नोकरीबद्दल अवाक्षर नाही, बोलणं सगळं जुन्या चाकूंचं. ह्यांच्या आजोबांच्या चाकूसारखाच शिंगाच्या मुठीचा एक चाकणच्या लोहाराकडून घडवून आणला होता. बाबांनी कौतुकानं हातात घेतला, तर पातं उघडेचना. मामांचं नख तुटलं. शेवटी ह्यांनी भर बैठकीत दात लावले, तरी ढिम्म!

मी पोह्यांच्या बशा खाली ठेवल्या, अंबाड्यातला आकडा काढून पात्याच्या खाचेत घातला. खटकन उघडलं. आईनं डोळे वटारले.

हे म्हणाले, "मुलगी पसंत आहे."

मी म्हटलं, "मलाही चाकू पसंत आहे. मुलाचं विचार करून कळवते."