काकाजीनं मोटर पसंत केली

दात! मोटरीचे दात मोजले हो त्या मानसानं! अकोल्याच्या भर दुकानात, वीस लोकाईच्या समोर, उकिडवं बसून, चष्मा कपाळावर चढवून… एक, दोन, तीन… अन् मी बाजूले उभा, तोंड लपवाले जागा पाहून राहिलो! तुमी म्हनसान, किसनराव, येवढे काहून तापले? तापू नाई तं काय करू? मोटर हाय ते, बैल नाई!

पयल्यापासून सांगतो, नाई तं तुमी मलेच येड्यात काढसान. आमच्या मळ्याच्या मांगं सरकारी तलाव हाय. तिथं एक गोरा इंजिनेर दर रविवारी लहानशा होडीत बसून फिरे. त्याची बदली झाली नागपूरले, अन् माह्या संत्र्यावर खुश होऊन ते होडी मलेच देऊन गेला. होडी दारात आली, तं आमची सत्यभामा… अठरा वर्षांत जिनं मले एक बांगडी नाई मांगतली… भाजीचं टोपलं डोक्यावर घेऊन निघता निघता हळूच म्हनते, "अवो, मलेबी बसवान काय त्याच्यात एक डाव?" अरे! त्या बाईनं जिंदगीत पायलं काय? मळा, बाजार अन् मायेर! मी म्हनलं, "बसवतो! पोळ्याच्या दुपारी, मळ्याले सुट्टी असते तवा. अन् वल्हे मारत नाई, मांगं मोटर लावून! रानीवानी बसजो." झालं! तिनं साऱ्या बाजारात सांगून टाकलं. आता माह्या शब्दाचा सवाल होता.

माही चूक येवढीच, का मी काकाजीले सांगतलं. खुशालराव, माह्या बापाचे सख्खे भाऊ, आता आमाले बापाच्याच जागी. पाच गावात कोनाले बैल घ्याचा असन तं यायले नेल्याबिगर कोनी कमरेची पिशवी सोडत नाई. ते म्हनते, "वढनारी चीज घरात येऊन राहिली अन् म्या पसंत नाई करू? तुह्या बापानं मले इचारल्याबिगर गोऱ्हा नाई घेतला!" मी म्हनलं, काकाजी, मोटर हाय ते, बैल नाई. तं म्हनते, "वढते का नाई?" वढते. "खाते-पेते का नाई?" पेट्रोल पेते. "मंग?" …घेतलं मंग त्यायले संगं!

बडनेऱ्याहून रेल्वेनं गेलो अकोल्याले. दुकानात दोन मोटरी, लाकडी घोडीवर टांगलेल्या. दुकानदार मोठा गोड बोलनारा, "आइये सेठ, ये देखिए, अढाई घोडे की ताकत!" काकाजी म्हनते, "अर्धा घोडा कुठं चालते बे? पुरे सांग!" मंग मोटरीभोवती एक चक्कर मारली, पाठीवर थाप मारली, बैलाच्या आंगावर पायते तसा भोवरा कुठं वंगाळ जागी तं नाई ना म्हनून वाकून पायलं, अन् म्हनते, "दात दाखव." दुकानदार माह्याकडे पाहे, मी छताकडे पाहो! शेवटी त्यानं खालची डब्बी उघडून दातऱ्याचं चाक दाखवलं. एकोनीस भरले! काकाजी ताडकन उभे. "आठ दातात बैल जुळते, पुरा वयात येते. एकोनीस? म्हातारी मोटर माह्या पुतन्याच्या गळ्यात बांधून राहिला काय?" काकाजी, म्हनलं, चाक हाय ते! "तू गप."

मंग दुकानदारानं मोटर पान्याच्या टाकीत सोडली, तिच्या डोक्यावर दोरी गुंडाळली, अन् एक हिसका… घुर्रर्र! सारं दुकान हाललं! तुमाले सांगतो, जीवच बसला माहा त्या मोटरीवर! तं काकाजी म्हनते, बंद कर, आता मी. त्यायनं दोरी वढली अर्धवट, भीत भीत, अन् मोटरीनं जो उलटा झटका देला… मनगट धरून खालीच बसले! "मारकी हाय! मारकी! लेकराबाळाईच्या घरात मारकं जनावर नाई पायजे!"

मंग काकाजीनं दुसऱ्या मोटरीची दोरी वढली. एक डाव, दोन डाव, दहा डाव. आवाज नाई. दुकानदार बिचारा इमानदार, तो म्हनते, "सेठ, ये बंद है, मरम्मत के लिए पडी है." काकाजी तिच्या पाठीवरून हात फिरवून राहिले, "पाय, किसन, किती गरीब हाय! कितीबी वढा, हूं का चूं नाई!" अन् बैलबाजारातल्यावानी दुकानदाराचा हात उपरन्याखाली घेऊन बोटं दाबत सौदा कराले लागले! तो मानूस असा घाबरला, का हात सोडवाले म्हनूनच देऊन टाकली त्यानं! बंद मोटर! पसंत करून! अन् मी? बापाच्या जागी मानूस, मोटर खांद्यावर घेतली अन् स्टेशनाचा रस्ता धरला.

घरी आनून कापसाच्या जिनातल्या ओमप्रकाश मिस्त्रीच्या हातापाया पडलो. चार दिवस खोलली, पुसली, बसवली… अन् पोळ्याच्या आदल्या सांजेले चालू झाली हो! नाचलो मी! सत्यभामा दारातून पाहून हासली.

पोळ्याची दुपार. तलाव काठोकाठ. सत्यभामा नवं लुगडं नेसून होडीत बसली, पदर सावरून. तिच्या बाजारातल्या साऱ्या बाया काठावर. मी दोरीले हात घातला… अन् मांगून आरोळी, "हात काढ!" काकाजी! खाकेत झूल, हातात बाशिंग! "लाज नाई वाटत? आज पोळा! आज कोनी मुक्या जिवाच्या मानेवर जू ठेवते काय?" मोटरीले गेरूचे ठिपके लावले, झूल पांघरली, बाशिंग बांधलं, पुरनपोळीचा निवद ठेवला! मी बोंबललो, मोटर हाय ते, बैल नाई! तं काठावरून गोदाबाई म्हनते, "अवो किसनभाऊ, वर्षातून एक दिवस तं सोडा तिले!" साऱ्या बाया माना हालवून राहिल्या! मी जसं काही चाबकानं मारलं कोनाले!

पन शब्द देला होता ना मी त्या बाईले? घेतले वल्हे हाती. तीन चकरा मारल्या साऱ्या तलावाच्या! झुलीखालची मोटर मांगं आरामात टांगून, तिचंबी वजन मीच वढून राहिलो! सत्यभामा पान्यात बोटं बुडवून हासे, अन् म्हने, "अजून एक." अठरा वर्षांत तिले असं हासताना पायलं नोतं मी. राग येवढा, अन् वल्हे सोडवत नोते!

सांजेले खांदे हे येवढे सुजले. सत्यभामानं तूप-हयद गरम केली, पयसाची पानं आनली, अन् खांदे शेकले. तुमी-आमी पोळ्याच्या आदल्या दिवशी गोठ्यात बैलाचे शेकतो ना, तसेच! अन् कानाशी वाकून, बैलाले म्हनते तेच म्हनलं तिनं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

अन् मी मान हालवली.