थांबलेला ठिपका

अमरगोळच्या बसथांब्यावर माझ्या शेजारी एक वयस्क जोडपं मोबाईलवरचा नकाशा बघत बसलं होतं. त्यांची मुलगी मोटारसायकलच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत होती.

"अहो, मधूचा ठिपका हलतच नाही. पडली तर नसेल?"

"चहाला थांबली असेल गं."

"ती चहा पीत नाही. बापाला एवढंही माहीत नाही."

"थांब, ठिपक्यावरचा नंबर बघू दे. अय्यो, हा एकवीस. आपली बारा. ती बघ, पार पुढं गेली."

"मग मघापासून मी मारुतीला साकडं घालतेय, ते कुणासाठी?"

"ह्या कुणा श्रीनिधीसाठी."

"त्याच्या घरचं कुणी बघत असेल का हो?"

"असेल की. ऊठ, बस आली."

"जाऊ दे ती. आधी हे पोर हलू दे."