वशाचं विमान

जळणं म्हणजे काय, ते मला आमच्या वशानं शिकवलं. महाडात आमच्या आळीतला पहिला कॉम्प्युटर माझा. विमान उडवायचा गेम होता आणि त्यासाठी मी मुंबईहून नवीकोरी जॉयस्टिक आणली होती. शेजारचा वशा एमआयडीसीत फिटर. त्यानं सेकंडहँड कॉम्प्युटर घेतला आणि भंगारातून विमानाचं स्टिअरिंगच बनवलं. लुनाचं हँडल, शिलाई मशीनचं पायडल, आत हँडल किती वळलं ते कळायला जुन्या रेडिओची आवाजाची बटणं. सगळी आळी त्याच्याकडे जाऊ लागली. आमचे वडील, अप्पासुद्धा.

माझ्या जॉयस्टिकला अप्पांनी कधी हात लावला नव्हता. शेवटी न राहवून विचारलं, "अप्पा, आपल्या घरातल्या विमानाला काय झालंय?"

"झालं कायबी नाय रे. तुज्याकडं विमान बघायला मिळतं. त्याच्याकडं बसायला मिळतं."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी निमूट वशाकडे गेलो.

"मलापण असंच एक बनवून देशील?"

"देतो की," वशा म्हणाला. "पण अप्पांना इकडंच येऊ दे. माझं विमान अजून आपटतं, त्यांचं नाही. उतरवायला तेच शिकवतायत मला."