तीन कोऱ्या चिठ्ठ्या

(शनिवारची संध्याकाळ. बाइंडर नुकताच मंडळातलं मतदान आटोपून आलाय; समोर त्याची बायको, बाई. बाइंडरच्या घरातलं जेवणाचं टेबल. त्यावर अर्धवट राहिलेला बुद्धिबळाचा डाव.)

बाई : सहाच?

बाइंडर : सहा होकार. एक नकार.

बाई : सहा नि एक सात. दहा जण होतात ना तुम्ही?

बाइंडर : तीन कोऱ्या निघाल्या. घडी नीट घातलेली, आत काहीच नाही.

बाई : मग त्या बाजूला ठेवायच्या. सातांत सहा! म्हणजे झाले की मी तुमच्या बुद्धिबळ मंडळाची सभासद. तोंड का असं केलंय?

बाइंडर : नाही झालीस. पेटीत पडलेली प्रत्येक चिठ्ठी मोजायची, असा नियम आहे. दहांचे दोन तृतीयांश. सात होकार हवे होते.

बाई : एका मतानं गेलं?

बाइंडर : एका मतानं.

बाई : कुठल्या शहाण्यानं केला हा नियम?

बाइंडर : मीच. अठरा वर्षं झाली. नियमांची वही मी लिहिली, बांधलीही मीच. कापडी पुठ्ठा, दुहेरी शिवण...

बाई : शिवण राहू द्या हो. परत अर्ज कधी करता येतो?

बाइंडर : वर्षानं. तेही वहीत...

बाई : तुम्हीच लिहिलंय. कळलं. मला खरंच काही सुचत नाहीये. नकार त्या घड्याळजीचा असणार, त्याचं मला काही नाही. त्याला मी वाचनालयात दोनदा हरवलंय. पण कोऱ्या? दहाही जण या टेबलावर जेवून गेलेत. त्यांतल्या तिघांना माझ्याबद्दल एक शब्द लिहिता येऊ नये?

बाइंडर : मतदान गुप्त असतं गं.

बाई : असू दे. तुम्ही पटाकडे का बघताय? माझ्याकडे बघा.

बाइंडर : बघतोय की.

बाई : अहो... एक तुमची होती?

बाइंडर : हा घोडा इथं कसा आला?

बाई : तुमची होती!

बाइंडर : घरचं माणूस. आपल्याच माणसाला आपण मत देणं बरं दिसत नाही, असं मला... म्हटलं, तुला आठ तरी सहज मिळतील. माझ्यावाचून काही अडणार नाही.

बाई : आणि अडलं ते नेमकं तुमच्यावाचून. एकतीस वर्षं तुम्ही शनिवारी घरी येऊन हरलेले डाव मला सांगता. मी ते इथं मांडून तुमची चूक शोधते. म्हटलं, निवृत्त झाले, एकदा तरी डाव घडत असताना तिथं बसावं. एवढंच मागत होते मी. बेल वाजली, उघडा.

टेलर : येऊ का? वहिनी, बसा बसा, मी उभ्या उभ्याच आलोय. यांचं पेन मंडळाच्या टेबलावर राहिलं होतं.

बाई : या भावजी. बरं झालं आणलंत. आज त्याचा फार उपयोग झाला म्हणे.

टेलर : कुठला उपयोग? टोपणसुद्धा काढलं नव्हतं यांनी. तेच बघून तर आम्ही...

बाई : तुम्ही काय?

टेलर : काही नाही. निघतो मी. दोन ब्लाउज काजा-बटणाला पडलेत.

बाई : ब्लाउज पळून जात नाहीत. बसा.

टेलर : तुम्ही असं शाळेतल्यासारखं बोललात की मी आपोआप बसतो. आता काय सांगू? मत लिहिताना मी यांच्या एका बाजूला होतो, आपला पोस्टमन दुसऱ्या. यांनी पेन उघडलंच नाही, चिठ्ठी तशीच दुमडली. आम्हाला वाटलं, यांच्या मनात नाही वहिनींनी तिथं यावं. मित्राच्या विरुद्ध कसं जायचं? आणि 'नाही' लिहायला हात धजेना. म्हणून आम्हीही कोरीच टाकली.

बाइंडर : अरे देवा. माझ्यामुळे? तिन्ही?

टेलर : म्हणजे तुमच्या मनात तसं नव्हतं?

बाइंडर : नव्हतं रे!

टेलर : मग सांगायचं नाही का? साधं कोपरानं ढोसायचं! मी वाटभर स्वतःला शाबासकी देत आलो, काय मैत्री निभावली म्हणून.

बाइंडर : थांब. अजून इतिवृत्तावर सही झालेली नाही. मी आत्ता अध्यक्षांकडे जातो. म्हणतो, कोऱ्या मोजायच्याच नाहीत. कोरी म्हणजे मतच नव्हे. सातांत सहा, झाली सभासद.

टेलर : बरोबर! उसवून पुन्हा शिवून टाकू.

बाई : नाही.

बाइंडर : अगं, तूच आत्ता म्हणालीस ना, बाजूला ठेवा म्हणून.

बाई : तेव्हा मला वाटलं होतं, त्यांत काही नाही. चौतीस वर्षं गणित शिकवलं मी. कोरा पेपर दिला म्हणून पोरगं वर्गात नव्हतंच, असं कधी धरलं नाही. तुम्ही तिघं होतात तिथं. शेजारी शेजारी बसला होतात. नव्हतात असं मी कसं मोजू? आणि आता खरं सांगा. बरं दिसत नाही, एवढंच होतं?

टेलर : मी बाहेर थांबू का?

बाइंडर : बस तू. नाही, एवढंच नव्हतं. तिथं मी बरा खेळतो असं सगळ्यांना वाटतं. तू आलीस की दोन शनिवारांत कळलं असतं की घरी मी रोज हरतो. पेन हातात होतं. टोपणावर अंगठाही होता. मग वाटलं, देवावर सोडून देऊ.

बाई : देवावर नाही सोडलंत. टेलरभावजींवर नि पोस्टमनवर सोडलंत.

बाइंडर : मी राजीनामा देतो.

बाई : काही नको. पुढच्या वर्षी माझं एक मत कमी व्हायचं.

टेलर : म्हणजे तुम्ही परत अर्ज करणार? मग वहिनी, त्या दिवशी मी काय करू?

बाई : घरूनच पेन उघडून न्या. आणि यांच्याकडे बघू नका.

बाइंडर : आणि मी?

बाई : हा घ्या कागद. टोपण काढा. आत्ताच 'हो' लिहून दाखवा, आमच्या दोघांसमोर.

बाइंडर : अक्षर वाकडं येतंय गं.

बाई : येऊ दे. वाचता आलं म्हणजे झालं.