नव्वद तास खेळलेला टीकाकार

कोसाडच्या बसथांब्यावर माझ्यापुढे कापडाच्या मागावर काम करणारे भिकनआबा आणि त्यांची लेक हर्षदा उभे होते. खालचा एकही शब्द माझ्या पदरचा नाही, सगळे त्यांचेच.

“आबा, आम्ही बनवलेल्या अंतराळाच्या गेमचा नवा भाग आला. मोठ्या समीक्षकाने दहापैकी सहाच दिले.”

“म्हणजे पास!”

“तेवीस चुका काढल्यात. हा भाग पडला तर आमची टीम बंद.”

“किती खेळला तो?”

“नव्वद तास.”

“अगं येडी, मार्केटात ज्याला माल नको असतो तो वरची घडी बघून ‘छान’ म्हणतो. घेणारा कापडाचा अख्खा ताका उलगडून डाग शोधतो. शेवटी काय लिहिलंय?”

“‘दुरुस्त करा, पुन्हा खेळेन.’”

“मग पहिली चूक वाच. बस येईपर्यंत दोन तरी दुरुस्त करू.”